मुख्यालय कुणाच्या जवळ?

मागच्या अंकात 'आमचं ऑफिस नरिमन पॉइंटहून ऐरोलीला आलं तेव्हा' असं एक वाक्य मी ओघात लिहून गेले आणि त्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. म्हणून हा महिना त्या पत्रांना. नवीन वाचकांसाठी सांगते : एका युरोपीय यंत्रकंपनीच्या भारतातल्या हेड ऑफिसात मी १९८४ साली स्टेनो म्हणून लागले आणि २०१६ मध्ये ॲडमिनची प्रमुख म्हणून निवृत्त झाले. राहते ठाण्यात, नौपाड्यात. कंपनीचं नाव इथे घेत नाही.

ताई, मी बीएमएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. 'विकसनशील देशांत बहुराष्ट्रीय कंपन्या मुख्यालयाची जागा कशी निवडतात' हा प्रकल्प मिळालाय. वर्गात सगळ्यांनी एकच लिहिलंय : जिथे कर कमी, तिथे. एवढं पुरेल का?
– एक विद्यार्थिनी, वाशी

नाही पुरणार. पण त्यात बरोबर काय आहे ते आधी वेगळं काढू. कोणत्या देशात काय ठेवायचं, हे ठरवताना कर नक्की बघतात. सिंगापुरात कंपनीकर १७ टक्के, हाँगकाँगला साडेसोळा. म्हणून अख्ख्या आशियाचं 'प्रादेशिक मुख्यालय' बऱ्याच जणांनी सिंगापूरला नेलं. आपल्याकडे परदेशी कंपनीने थेट शाखा उघडली तर पूर्वी ४० टक्के कर होता, २०२४ च्या अर्थसंकल्पात तो ३५ वर आला. तीच कंपनी इथे उपकंपनी नोंदवून बसली तर सगळं धरून साधारण पंचवीस टक्क्यांत काम भागतं. त्यामुळे बहुतेक जणी उपकंपनी काढतात.

पण भारतात यायचं एकदा ठरलं की आयकर ठाण्याला तोच, चेन्नईला तोच आणि गुरुग्रामलाही तोच. मग गाव कशावर ठरतं? बत्तीस वर्षं त्या खोल्यांमध्ये बसून मला जे दिसलं ते सांगते. वरच्या पाच-सहा माणसांना रोज कुणाला भेटावं लागतं, यावर ठरतं. प्रकल्पात प्रत्येक शहरापुढे एवढाच प्रश्न लिही : हे जवळ कुणाच्या?

मी लागले तेव्हा परवान्यांचा काळ होता. यंत्राचा एखादा सुटा भाग मागवायचा तरी दिल्लीला फाइल. आमचं हेड ऑफिस मुंबईत, कारण बंदर इथे आणि बँका इथे. पण दिल्लीत दोन खोल्या घेतलेल्या होत्या आणि तिथला आमचा एकुलता एक माणूस वर्षभर उद्योग भवनाच्या पायऱ्या झिजवायचा. रोज संध्याकाळी त्याचा ट्रंककॉल यायचा, 'फाइल अमुक टेबलावर आहे.' तो कॉल घेणं हे माझं काम. १९९१ नंतर परवान्यांची पकड सुटली, तरी त्या सुमारास नव्याने आलेल्या पेप्सी आणि कोका-कोला गुरुग्रामला बसल्या. दिल्ली हाकेच्या अंतरावर, विमानतळ त्याहून जवळ. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी चिप-कंपनीला मुख्यतः इंजिनिअर हवे होते. ती १९८५ मध्येच बंगळुरूला गेली.

बाहेरची दोन उदाहरणं जरूर घे. ब्राझीलने १९६० मध्ये राजधानी ब्राझिलियाला नेली, नायजेरियाने १९९१ मध्ये अबुजाला. कंपन्या मात्र साओ पाउलोत आणि लागोसमध्येच राहिल्या, कारण गिऱ्हाईक, बँका आणि कामाला मिळणारी माणसं तिथेच होती. केनियातल्या नैरोबीचं कारण आणखी वेगळं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचं मुख्यालय तिथे आहे, इंग्रजी चालते, आणि पूर्व आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांना तिथून सरळ विमान मिळतं. दहा देशांचा कारभार बघणाऱ्या माणसाला स्वस्त भाड्यापेक्षा ते विमान मोलाचं वाटतं.

कोलशेत रस्त्याला आमच्या लहानपणापासून बायर आणि सँडोझचे कारखाने होते. आता तिथे टॉवर आहेत. पण बायरचं हेड ऑफिस ठाण्यात आणि सँडोझमधून निघालेल्या क्लॅरिअंटचं ऐरोलीला, हे कळल्यावर आश्चर्य वाटलं. एवढ्या मोठ्या परदेशी कंपन्या बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) का नाही गेल्या?
– एक ज्येष्ठ वाचक, कोलशेत, ठाणे

काका, तुमची माहिती बरोबर आहे. बायर क्रॉपसायन्सचा पत्ता हिरानंदानी इस्टेटमधलं बायर हाउस. क्लॅरिअंट १९९५ मध्ये सँडोझपासून वेगळी झाली. पुढे कितीतरी वर्षं तिच्या पत्रांवर 'सँडोझ बाग, कोलशेत रोड' असंच छापलेलं असे, नंतर ठाणे-बेलापूर रस्ता, ऐरोली असं आलं. एकीचं मूळ जर्मन, दुसरीचं स्विस.

कारखान्याच्या कुंपणातच हेड ऑफिस, ही जुनी पद्धत. फोक्सवागेनचा ब्राझीलमधला कारभार आजही साओ पाउलोला लागून असलेल्या साओ बर्नार्दो दो काम्पोमधल्या कारखान्यातूनच चालतो. पण सगळ्यांनीच असं केलं नाही. सीमेन्सचा कारखाना कळव्याला आणि मुख्यालय वरळीला. शहर वाढत कारखान्याच्या भिंतीशी येऊन टेकतं, जमिनीला कारखान्यापेक्षा जास्त भाव येतो, कारखाना दुसरीकडे जातो. तेव्हा हेड ऑफिसच्या माणसांचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. ती तोपर्यंत ठाण्यात, कळव्यात, डोंबिवलीत घर घेऊन बसलेली असतात.

आमच्या ऑफिसची गोष्ट सांगते. २००८ साल. नरिमन पॉइंटची लीज संपत आलेली, मालकाने भाडं फार वाढवून मागितलेलं. युरोपातून नवे साहेब आले होते. सल्लागार कंपनीने तीन जागांचा जाडजूड अहवाल दिला : बीकेसी, अंधेरी, ऐरोली. भाडं, पार्किंग, विजेचा भार, सगळे तक्ते होते. माणसं कुठून येणार, हे मात्र त्यात कुठेच नव्हतं. मी पगारपत्रकावरून सगळ्यांचे पिनकोड उतरवून घेतले. जांभळी नाक्यावरून टिकल्यांची चार पाकिटं आणली, मुंबई आणि उपनगरांचा भिंतीवर लावायचा मोठा नकाशा आणला आणि शनिवारी दुपारी मी आणि पगार विभागातली माझी मैत्रीण, दोघींनी दर माणसामागे एक टिकली लावली. अधिकाऱ्यांना मरून, बाकी सगळ्यांना लाल.

लाल टिकल्या मुलुंडपासून सुरू झाल्या आणि ठाणे, डोंबिवली, कल्याण करत बदलापूरपर्यंत गेल्या. डोंबिवलीत इतकी दाटी झाली की गावाचं नाव झाकलं गेलं. दक्षिण मुंबईत मोजून सात टिकल्या होत्या, सातही मरून.

सोमवारी साहेबांनी तो नकाशा बघितला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग डोंबिवलीवर बोट ठेवून विचारलं, 'इथून आपल्या ऑफिसला यायला किती वेळ लागतो?' मी म्हटलं, दाराशी उभं राहून दीड तास, आणि स्टेशनवरून पुढे शेअर टॅक्सी. 'आणि ऐरोलीला?' ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून नवी मुंबईची ट्रान्स-हार्बर लोकल धरली तर सगळं मिळून पाऊण तास. ती गाडी २००४ मध्ये सुरू झाली नसती तर आमची ऐरोली झालीच नसती.

बीकेसीत बसावं लागतं ते बँका, शेअर बाजार आणि त्यावर लक्ष ठेवणारी सेबी यांच्याशी रोजचं काम असणाऱ्यांना. शेतीची औषधं, रंगद्रव्यं किंवा आमच्यासारखी यंत्रं विकणाऱ्याचं गिऱ्हाईक तिथे नसतं. त्याला प्रयोगशाळा, तंत्रज्ञ आणि विक्रीची फौज हाताशी लागते. ती ठाणे-बेलापूर पट्ट्यात गेल्या साठ वर्षांत तयार झाली आहे.

पण नकाशा बघून सगळं सुरळीत पार पडलं असं समजू नका. त्या सात मरून टिकल्यांनी लोअर परळला एक छोटं ऑफिस मागून घेतलं. पाटी, लेटरहेड, अडीचशे माणसं ऐरोलीत, आणि एमडी, वित्तप्रमुख, कंपनी सेक्रेटरी लोअर परळला. रोज सकाळी साडेनऊला आमचा ड्रायव्हर सह्यांच्या फाइली पत्र्याच्या ट्रंकेत घालून ऐरोलीच्या पुलावरून निघायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. ती चार वर्षं आमचं खरं हेड ऑफिस लोअर परळला होतं, असंच मी मानते. पुढे नवे एमडी आले. त्यांनी मुलांच्या शाळेसाठी घोडबंदर रोडला घर घेतलं. सहा महिन्यांत लोअर परळची जागा सोडली. ट्रंक अजून माझ्याकडे आहे, निवृत्तीच्या दिवशी मागून घेतली.

मुलगी घणसोलीला नोकरीला जाते, पण नेमणूकपत्रावर पत्ता नरिमन पॉइंटचा आहे. काही गडबड तर नाही ना?
– एक पालक, कोपरखैरणे

अजिबात नाही, निश्चिंत राहा. तो 'नोंदणीकृत कार्यालया'चा पत्ता आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १२ प्रमाणे प्रत्येक कंपनीला असा एक पत्ता ठेवावाच लागतो. सरकारी पत्रं, नोटिसा, समन्स तिथे येतात. रिलायन्सच बघा ना. नोंदणीकृत कार्यालय नरिमन पॉइंटच्या मेकर चेंबर्समध्ये आणि एवढं अवाढव्य संकुल घणसोलीला. हा पत्ता शहराबाहेर न्यायचा तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो, दुसऱ्या राज्यात न्यायचा तर केंद्राची परवानगी. म्हणून जुने पत्ते वर्षानुवर्षं टिकतात.

जावई दहा वर्षं दुबईत आहेत. आता कंपनी त्यांना रियाधला पाठवते आहे. म्हणतात, मुख्यालयच तिकडे चाललंय. दुबईसारखी सोय सोडून कंपनी असं का करते? लेक आणि नातवंडं तिथेच आहेत, जीव टांगणीला लागलाय.
– एक आजी, चरई, ठाणे

तुमची काळजी मला समजते. कारण सांगते, म्हणजे कंपनीशी काय बोलायचं तेही कळेल.

दुबईने कंपन्यांना तीन गोष्टी दिल्या : जगभर जाणारी विमानं, कुटुंबाला राहण्याजोगं शहर, आणि २००४ मध्ये उभं केलेलं वित्त केंद्र, जिथे इंग्रजीतून आणि इंग्लंडच्या धर्तीच्या कायद्याने चालणारी स्वतंत्र न्यायालयं आहेत. करार मोडला तर दाद कुठे मागायची, हे परदेशी कंपनीला आधी कळायला हवं असतं. म्हणून सौदीत धंदा करणारेसुद्धा बसायचे दुबईला.

सौदी सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केलं की ज्या परदेशी कंपनीचं प्रादेशिक मुख्यालय आमच्या देशात नसेल तिला सरकारी कंत्राटं देणार नाही. नियम १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. त्याच्या थोडं आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, अशा मुख्यालयांना तीस वर्षं कंपनीकर माफ करण्याचं जाहीर झालं. सगळ्यात मोठं गिऱ्हाईकच म्हणालं की माझ्या शेजारी येऊन राहा. अशा वेळी कंपनीपुढे फार पर्याय राहत नाही.

नुसती पाटी लावून मात्र भागत नाही. पहिल्या वर्षात किमान पंधरा पूर्णवेळ माणसं तिथे बसवावी लागतात, त्यात किमान तीन वरिष्ठ अधिकारी. जावयांनी कंपनीला सरळ विचारावं : मी त्या पंधरांत मोजला जाणार आहे का? हो म्हणाले तर बदली पक्की समजावी आणि नातवंडांच्या शाळेचा प्रवेश, घरभाडं, वर्षाची तिकिटं सगळं लेखी घ्यावं. कंपनीला माणसाची गरज असते, तेव्हाच मागून घ्यायचं. नाही म्हणाले तर वर्षभर कुटुंब दुबईत ठेवून ये-जा करता येईल का ते विचारावं. अंतर दोनेक तासांच्या विमानाचं आहे.

उलव्याला आमचा साडेबारा टक्क्यांतला, म्हणजे सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला, भूखंड आहे. अटल सेतू झाला, विमानतळ सुरू झाला. दलाल सांगतो, दोन वर्षांत परदेशी कंपन्यांची हेड ऑफिसं इथे येणार, भाव दुप्पट होणार, थांबा. थांबू का?
– प्रकल्पग्रस्त कुटुंबातील एक वाचक, उलवे

भावाचं भाकीत मी करणार नाही. पण तुमच्या घराने या शहरासाठी जमीन दिली आहे, म्हणून याच शहराचा इतिहास तुमच्यापुढे ठेवते.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे जोडशहर वसवण्याची कल्पना मांडली. त्यातलं कळीचं वाक्य हे की सरकारने आपली कचेरी तिकडे न्यावी, म्हणजे कंपन्या मागोमाग येतील. १७ मार्च १९७० ला हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झालं. बेलापूरला सीबीडी आखला, म्हणजे मधोमध ऑफिसांचं ठाणं. पण मंत्रालय हललं नाही. उलट त्याच दशकात समुद्रात भराव घालून नरिमन पॉइंटचे मनोरे उठले, आणि माझी कंपनीही तिथेच गेली. वाशीचा पूल १९७३ मध्ये झाला, रेल्वे वाशीला पोचायला १९९२ उजाडलं. बेलापूरला कोकण भवन आलं, सिडको भवन आलं, रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आलं, कोकण रेल्वेचं मुख्यालय आलं. ही सगळी सरकारी किंवा अर्धसरकारी. परदेशी कंपन्या पुढे आल्या त्या बहुतेक ऐरोली-महापे बाजूला, तेही मुख्यतः संगणकाची कामं करणारी ऑफिसं आणि डेटा सेंटर घेऊन.

अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं, विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं सुटू लागली. ही छोटी गोष्ट नाही. पण विमानतळाभोवती आधी येतात ती हॉटेलं, मालाची गोदामं, कुरिअर आणि शिपिंगची कचेरी. जेएनपीटी बंदर शेजारी असल्यामुळे इथे तर ती येणारच. सह्या करणारी माणसं येतात सगळ्यात शेवटी. त्यांना मुलांची शाळा लागते, मोठं रुग्णालय लागतं, नवऱ्याला किंवा बायकोला दुसरी नोकरी लागते. बीकेसीसुद्धा एमएमआरडीएने सत्तरच्या दशकात आखलं. शेअर बाजार, सेबी, बँका येऊन बसल्यावर ते भरलं. अमेरिकन वकिलात तिथे आली ती २०११ मध्ये.

तेव्हा दलालाला एकच सांगा : ज्या कंपनीचं नाव घेतोस तिने उलव्यात केलेली नोंदणीकृत लीज दाखव. लीजचा उतारा दुय्यम निबंधक कार्यालयात काढता येतो. तो दाखवला तर बोला. नाही दाखवला तर त्याच्या शब्दावर घरातलं लग्न किंवा मुलाचं शिक्षण अडवून ठेवू नका. विकायचंच झालं तर सगळा भूखंड एकदम देऊ नका, एवढं मात्र आग्रहाने सांगते.

मी महाप्याला एका परदेशी कंपनीत अकाउंट्सला आहे, राहते डोंबिवलीला. हेड ऑफिस लोअर परळला नेणार असं कानावर आलंय. येत्या पंधरा तारखेला सगळ्यांची मीटिंग आहे. काय विचारायचं?
– एक वाचक, डोंबिवली पूर्व

आधी नेमणूकपत्र काढून बदलीचं कलम वाचा. त्यात 'कंपनीच्या कोणत्याही कार्यालयात' असं असेल तर जायला नकार देणं अवघड होतं, पण प्रवासभत्ता, बस आणि वेळेची सवलत मागायला काहीच हरकत नसते. मग विचारा : सगळे जाणार की फक्त वरची मंडळी? अकाउंट्स बहुधा जुन्या जागी राहतं, कारण लोअर परळच्या भाड्यात ते परवडत नाही. तसं असेल तर ते लेखी मागा. सगळे जाणार असतील तर लीज किती वर्षांची आहे ते विचारा. तीन वर्षांची असेल तर डोंबिवलीचं घर बदलण्याचा विचारही करू नका.

आता माझ्या मनात सोळा-सतरा वर्षं राहिलेली गोष्ट. त्या टिकल्यांच्या नकाशाचं ऑफिसात फार कौतुक झालं. पण त्यात अठरा टिकल्या कमी होत्या. नरिमन पॉइंटला लादी पुसणाऱ्या, चहा देणाऱ्या, बाथरूम साफ करणाऱ्या अठरा बायका कंत्राटदाराच्या पटावर होत्या, आमच्या पगारपत्रकावर नव्हत्या. मी पगारपत्रकावरून पिनकोड घेतले, त्यामुळे त्या नकाशावर आल्याच नाहीत. सगळ्या कुलाब्याच्या वस्त्यांमधल्या. ज्या हलवण्याने दोनशे माणसांचा पाऊण तास वाचला, त्याने त्यांचं काम गेलं. त्यातली एक, मला रोज अकरा वाजता बिनसाखरेचा चहा आणून देणारी, दोन महिने ऐरोलीला येत राहिली. पहाटे साडेचारला घर सोडायची, बसने सीएसटी, तिथून ठाणे, तिथून ऐरोली. तिसऱ्या महिन्यात आली नाही. मला हे आधी सुचायला हवं होतं, आणि साहेबांना मी सांगितलं असतं तर त्यांनी नक्की काहीतरी केलं असतं, असे ते होते.

म्हणून तुम्ही एक करा. तुमच्या मजल्यावर झाडू, चहा, सुरक्षा यांची जी माणसं आहेत त्यांची नावं आणि पिनकोड एका कागदावर लिहून काढा आणि मीटिंगच्या आधी एचआरच्या हातात द्या. पंधरा तारखेला अजून नऊ दिवस आहेत.